पीस की पंख? गळावरच्या माशीची शब्दचर्चा

ट्राउट मासा पकडायला गळावर कृत्रिम माशी (कीटकासारखं दिसणारं आमिष) बांधताना सध्या ‘वंडर विंग’ हा प्रकार करून बघतोय. मराठीत टिपण काढायला बसलो आणि अडलो. ‘विंग’ला पीस म्हणायचं की पंख? आणि ‘विंगिंग’ला काय म्हणायचं?

कृती अशी: कोंबडीच्या मानेचं करडं पीस घ्यायचं, बुडाची लव काढून टाकायची. शेंडा चिमटीत धरून बाकीचे तंतू उलटे, बुडाकडे ओढायचे. ते दांडीलगत मिटतात आणि कडेला सुरेख गोलाई येते. बुडाशी दोऱ्याने आवळायचं, वर उरलेला सुलटा शेंडा कात्रीने उडवायचा.

प्रतिसाद १
दोन्ही शब्द लागतील. कोंबडीच्या अंगावर असतं ते पीस, गळावर उभं राहिलं की पंख. पिसारा आणि मोरपीस एकीकडे, पंख फुटणं आणि पंख छाटणं दुसरीकडे. (‘मोरपंखी’ रंगात मात्र पीसच अभिप्रेत आहे, तो अपवाद.) मिशिगनच्या लेनर्ड हॅलडे यांनी 1922 साली बांधलेल्या ‘अ‍ॅडम्स’ या माशीचं वर्णन करताना ‘पिसांच्या शेंड्यांचे पंख’ असंच म्हणावं लागतं.

विंगिंगला ‘पंख बसवणं’ म्हणा. ‘बांधणं’ अख्ख्या माशीसाठी राहू द्या. कोंदणात खडा बसवतात तसा इथेही कोन आणि तोल साधावा लागतो, तो अर्थ ‘लावणं’मध्ये येत नाही.

प्रतिसाद २
‘बसवणं’ फार आवडलं. पण नुसतं ‘पंख’ लिहू नका, पंखाची ठेवणही लिहा. मेफ्लाय (गळावर जिची नक्कल करतात ती पाण्याकाठची खरी माशी) पाण्यातून वर येते तेव्हा तिचे पंख धुरकट आणि उभे मिटलेले असतात; ती डन. मग ती पुन्हा कात टाकते. पंख फुटल्यावर कात टाकणारा दुसरा कीटक नाही! पंख काचेसारखे होतात, ती स्पिनर. अंडी घालून झाली की पंख पसरून पाण्यावर पडते. म्हणून डनसाठी ‘उभे पंख’, स्पिनरसाठी ‘पसरते पंख’.

मूळ प्रश्नकर्ता
पटलं, टिपणात तसंच लिहितो. आणखी एक शब्द हवाय. हे पंख ताठ असतात, जोडीतला एक जरी तिरका बसला तरी फेकताना माशी हवेत गरगरते आणि टोकाची बारीक दोरी वळत जाते. त्याला काय म्हणाल?

प्रतिसाद १
पीळ पडणं. दोरा कापण्याआधी माशी समोरून, गळाच्या नेढ्याच्या बाजूने बघा. तिरका पंख तिथून लगेच कळतो.