मदत हवी आहे: नकाशावर घोड्याची वाट कशी ओळखायची? (ऑक्सफर्डशायर)

नमस्कार मंडळी, इंग्लंडात राहून घोडेस्वारी करणारं कोणी आहे का इथे?

मी वाँटेजजवळ राहते. दोन वर्षं स्वारी शिकतेय आणि मार्चपासून शेजारणीची घोडी आठवड्यातून तीन दिवस माझ्याकडे असते. घोडीचं वय १६, स्वभावाने गाय, पण चिखल दिसला की गाढव. रिंगणात गोलगोल फिरून आम्ही दोघी कंटाळलोय. मनात आहे ते रिजवेवरून (टेकड्यांच्या माथ्यावरून जाणारी प्राचीन वाट) अफिंग्टनच्या पांढऱ्या घोड्यापर्यंत रपेट मारायची. (डोंगरउतारावर चर खणून, खडू भरून काढलेला ११० मीटर लांबीचा घोडा, जवळजवळ ३,००० वर्षं जुना.) तबेल्यापासून जाऊन-येऊन साधारण २२ किमी.

गेल्या रविवारी छोटी रंगीत तालीम केली. चालणाऱ्यांच्या एका ॲपवर वाट आखली. पाऊण तास मस्त गेला आणि मग समोर कुंपण, त्यावरून पलीकडे उतरायला एक लाकडी फळी. माणसाची सोय, साडेपाचशे किलोच्या घोडीला भिंत! बोळ इतका अरुंद की वळायलाही जागा नाही. खाली उतरले, तिच्या छातीवर हात ठेवून पावलापावलाने मागे सरकवत आणलं. काटे दोघींनाही लागले.

आता ऑर्डनन्स सर्व्हेचा (इथली सरकारी नकाशा संस्था) एक्स्प्लोरर १७० नकाशा आणलाय, नारिंगी कव्हरवाला, १:२५,०००. हिरव्या तुटक रेषा आखूड असतील तर फुटपाथ, म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांची वाट, लांब असतील तर ब्रायडलवे, म्हणजे घोड्याला मुभा, इथवर कळलं. पण एका जागी लांब रेषा भर शेतात एकदम आखूड होतात. छपाईची चूक का? लँबर्नच्या बाजूला 'गॅलप्स' लिहिलंय, तिथे घोडी पळवता येईल? आणि २२ किमीला वेळ किती धरू?

प्रतिसाद १:
चूक नाही हो. भिंग घेऊन बघा, तिथून काळ्या ठिपक्यांची बारीक रेषा जात असेल. ती पॅरिशची (आपल्या ग्रामपंचायतीसारखा छोटा विभाग) हद्द. १९४९च्या कायद्यानंतर वाटांची पाहणी पॅरिशनिहाय झाली. एकाने ब्रायडलवे लिहिलं, शेजारच्याने फुटपाथ, आणि घोडा अडकला मधल्यामध्ये! शेवटचा शब्द काउंटी कौन्सिलच्या 'डेफिनिटिव्ह मॅप'चा, म्हणजे सार्वजनिक वाटांच्या अधिकृत नकाशाचा. तो ऑनलाइन बघता येतो.
गॅलप्सवर मात्र चुकूनही जाऊ नका. लँबर्न म्हणजे शर्यतीच्या घोड्यांचं गाव. गॅलप्स म्हणजे शर्यतीचे घोडे पळवायच्या पट्ट्या, प्रशिक्षकांच्या खासगी. सार्वजनिक वाट त्या ओलांडत असेल तर दोन्हीकडे बघून चालत ओलांडा. सकाळी तिथे भरधाव घोडी येतात.

प्रतिसाद २:
ताई, नकाशावर ४ सेंमी म्हणजे १ किमी. वाटेवर दोरा ठेवून मोजा. साध्या चालीने घोडा तासाला ६ किमी जातो, मधूनमधून दुडकी धरली तर ७-८. म्हणजे तीन-साडेतीन तास, वर विश्रांती वेगळी. तपकिरी रेषा जिथे चिकटून आल्यात तिथे चढ आहे, वेळ वाढवा.
फाटक कसलं आहे, चाकोऱ्या किती खोल आहेत, हे नकाशा सांगत नाही. त्यासाठी उपग्रहाचं चित्र बघा. त्याहून बरं म्हणजे आधी सायकलने जाऊन या, १९६८पासून ब्रायडलवेवर सायकलला परवानगी आहे. खांबावर निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, पिवळा दिसला की मागे फिरा. पावसानंतर तिथली खडूची जमीन साबणासारखी निसरडी होते आणि वर आलेले गारगोटीचे दगड खुरांना टोचतात, नाल तपासून घ्या.

धागाकर्ती:
ठिपके सापडले! बरोब्बर तिथेच. या शनिवारी सायकल काढते. एकच राहिलं, टेकडी खडूची, पाणी सगळं मुरून जातं, वर ओढा एकही दिसत नाही नकाशात. घोडीला पाणी कुठे पाजता तुम्ही?