मदत हवी आहे: रक्त न काढणारे धोके कामगारांना कसे समजावू? (बडोदा, मकरपुरा जीआयडीसी)

नमस्कार मंडळी, मी मकरपुऱ्याला एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये स्टोअर सांभाळतो, १७ वर्षं झाली. माणसं ४५, निम्मी यूपी-बिहारची, बाकी गुजराती आणि आम्ही तिघं मराठी. मागच्या महिन्यात ड्रिल मशीनवर एका मुलाची दोन बोटं गेली आणि त्यानंतर शेठनी मला सांगितलं की प्रत्येक खात्यातले धोके लिहून काढ, भिंतीवर लावू आणि दर सोमवारी सगळ्यांना दहा मिनिटं उभं करून सांगू. मी बारावी कॉमर्स, सेफ्टीचं काही शिकलेलो नाही, म्हणून इथे विचारतोय.

आधी त्या मुलाचं सांगतो, कारण ते डोक्यातून जात नाहीये. त्याने हातमोजे घातलेले होते, सुती विणलेले, मीच स्टोअरमधून दिलेले. पत्र्याची धार लागू नये म्हणून घालायचा. ड्रिलला लोखंडाचा कीस अडकला तो मशीन चालू असतानाच झटकायला गेला आणि मोज्याचा एक धागा बिटला गुंडाळला, मग मोजा आणि मग बोटं. आमच्याकडचे जुने टर्नरकाका म्हणाले की उघडा हात असता तर कापलं असतं, पण असा ओढला गेला नसता, फिरत्या मशीनवर मोजा, लांब बाही, गळ्यात गमछा काहीच नको. इतकी वर्षं मी मोजे वाटतोय आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तर नेटवर वाचून मी प्रकार काढले: मशीनचे, विजेचे, केमिकल आणि धुराचे, आवाज-उष्णता वगैरे, वजन उचलण्याचे किंवा वाकून काम करण्याचे, पडण्याचे, आगीचे. यादी झाली पण प्रत्यक्ष खात्यात गेलो तर एकेका कामात चार-चार प्रकार सापडतात. साधं ग्राइंडिंग घ्या, व्हील फुटू शकतं, ठिणगी उडते, धूळ, आवाज, हाताला दिवसभर थरथर, आणि वायर सोललेली असेल तर शॉक. मग ते कुठल्या रकान्यात टाकू?

आणि दुसरं म्हणजे कापणं, भाजणं, शॉक हे कामगारांना लगेच पटतं, बाकीचं नाही. प्रेसवरच्या दोन जुन्या लोकांना आता दोनदा हाक मारावी लागते, ते हसण्यावारी नेतात. एक वेल्डर जीआय पाइपचं काम असलं की संध्याकाळी घरी जाऊन हुडहुडी भरून झोपतो, सकाळी ठीक, त्याचे रूमवाले म्हणतात मलेरिया असेल, दोनदा रक्त तपासलं, काही निघालं नाही. तो म्हणतो दूध-गूळ घेतलं की बरं वाटतं. हे नक्की काय आहे?

प्रतिसाद १
दादा, मी नंदेसरीला केमिकलमध्ये सेफ्टीत होतो, आता रिटायर. प्रकारावरून यादी करू नका, कामावरून करा. कागदावर काम लिहा, शेजारी त्यातले सगळे धोके, मग कुठला आधी हाताळायचा ते. धोका आणि जोखीम वेगळं समजून घ्या, सोललेली वायर हा धोका, तिच्याजवळून ओल्या पायांनी दिवसातून किती माणसं जातात त्यावर जोखीम ठरते.

तुमच्या वेल्डरला मेटल फ्यूम फीवर असावा. जीआय पाइपवर झिंकचा थर असतो, तो वेल्डिंगच्या उष्णतेने जळून त्याचा पांढरा धूर होतो. श्वासातून गेला की काही तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, तोंडाला धातूची चव, आणि एक-दोन दिवसांत उतरतो. रोज काम केलं तर शरीर सरावतं, सुटीनंतर परत येतो, म्हणून त्याला सोमवारचा ताप पण म्हणतात. दुधाने धूर थांबत नाही हो. वेल्डिंगच्या जागेवरचा झिंकचा थर आधी घासून काढा, पण ती धूळही नाकात जाऊ देऊ नका, आणि धूर ओढणारा हूड वेल्डच्या अगदी जवळ लावा. रुमाल बांधून उपयोग नाही. धाप लागली किंवा छाती आवळली तर मात्र थांबू नका, डॉक्टरकडे न्या आणि कुठल्या धातूवर काम केलं ते सांगा, कारण कॅडमियमचा थर असेल तर सुरुवात अशीच वाटते पण जिवावर बेतू शकतं.

प्रतिसाद २
कानाचं मी सांगते, मी ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करते. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथला आवाज कानाला घातक आहे असं समजा. आपल्याकडे आठ तासांसाठी मर्यादा ९० डेसिबल आहे, ९५ ला चार तास, १०० ला दोनच. आवाजाने गेलेलं ऐकू परत येत नाही आणि दुखतही नाही, म्हणूनच कोणी लक्ष देत नाही. प्रेसवरच्या त्या दोघांना तपासणीला आणा, कानाचा आलेख त्यांच्या हातात दिला की पटतं, भाषणाने नाही पटत. कानातले बोळे नीट बसवायला शिकवा, अर्धे बाहेर लोंबत असतील तर काही उपयोग नाही.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. कामावरून यादी, हे डोक्यात बसलं. आज ड्रिलचा कागद केला, त्यात पहिलं वाक्य गुजराती, हिंदी, मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं: कीस काढायचा तर आधी मशीन बंद, मग ब्रशने, हाताने नाही. ड्रिलखात्याला सुती मोजे देणं बंद केलं, रजिस्टरमध्ये तशी नोंद पण केली.

काका, एक राहिलं. आम्ही स्टीलच्या टाक्या करतो, आतून टिग वेल्डिंग, त्यात जोडावर आर्गन वायू सोडत राहावा लागतो. आतला माणूस पडला तर बाहेरचा त्याला काढायला उडी मारेल ही मला भीती आहे. काय नियम लावू?

प्रतिसाद १
भीती बरोबर आहे, असल्या अपघातात वाचवायला गेलेलाही मरतो. आर्गनला वास नाही, हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी साचतो आणि तिथला ऑक्सिजन कमी होतो. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला तर आत जायचंच नाही. ऑक्सिजन मीटरने मोजल्याशिवाय आणि ताज्या हवेचा ब्लोअर चालू असल्याशिवाय कोणी उतरणार नाही, आतल्याला पट्टा आणि दोरी, दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात, आणि त्याने आत जायचंच नाही, दोरीने ओढायचं. जेवणाच्या सुटीत वेल्डिंगची टॉर्च, जिच्यातून आर्गन येतो, आतून बाहेर काढा, व्हॉल्व्ह सिलिंडरवर बंद करा.

धागाकर्ता
टॉर्च आम्ही आतच ठेवतो, काका. उद्यापासून बाहेर. मीटरसाठी उद्याच शेठशी बोलतो, तो येईपर्यंत टाकीचं काम थांबवायला सांगतो. बडोद्यात ऑक्सिजन मीटर भाड्याने मिळतो का, कोणाला माहीत असेल तर सांगा.