युद्धानंतर साध्या घरांतनं गेलेली खाण्याची खोकी खरंच पोचायची का?

निळीशाई:
लेकीला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपवर प्रोजेक्ट आहे, त्यासाठी वाचताना केअर पॅकेज हा शब्द आला आणि मी तिथेच अडकले. अमेरिकेतली साधी नोकरदार माणसं 10 डॉलर भरून युरोपातल्या एखाद्या घरी खाण्याचं खोकं पाठवायची आणि ते जर्मनीलासुद्धा! वर्षभरापूर्वी ज्यांच्याशी लढाई चालू होती त्यांना पाठवावंसं कसं वाटलं असेल? आणि ते पोचायचं का मधेच गायब व्हायचं? कुणी नीट सांगेल का प्लीज.

जुनापेटारा:
पोचायचं, आणि पोचलं हे पाठवणाऱ्याला कळायचं, मला त्यातलं सगळ्यात मोठं हेच वाटतं. खोकं हातात पडलं की घेणाऱ्याने पावतीवर सही करायची आणि ती पावती समुद्र ओलांडून पैसे भरणाऱ्याच्या घरी परत यायची. 22 अमेरिकन संस्थांनी मिळून नोव्हेंबर 1945 मध्ये केअर ही मदतसंस्था काढली, पहिली खोकी 11 मे 1946 ला फ्रान्सच्या ल आव्र बंदरात उतरली. ती मुळात सैन्याची होती, टेन-इन-वन म्हणायचे, दहा सैनिकांचं एका दिवसाचं खाणं एका खोक्यात. जपानवर चढाई करायची म्हणून बांधून ठेवलेली, ती वेळच आली नाही, मग त्यातली 28 लाख केअरने विकत घेतली. ती संपल्यावर स्वतःची बांधायला लागले, मांसाचे डबे, चरबी, साखर, दुधाची न अंड्याची पावडर, मनुका, चॉकलेट, कॉफी. कॉफीचं मुद्दाम सांगतो कारण जर्मनीत तेव्हा नोटांना किंमत उरली नव्हती, जून 1948 ला नवं चलन येईपर्यंत काळ्या बाजारात सिगरेट आणि कॉफीच पैशासारखी चालायची. म्हणजे तो डबा घरातल्या बाईच्या हातात आला की प्यायची का मुलांच्या बुटांसाठी बदलून टाकायची, हे तिला ठरवावं लागायचं.

साधीसुई:
शत्रूला का, याबद्दल ब्रिटनचं बघा. सप्टेंबर 1945 मध्ये व्हिक्टर गोलान्झ या लंडनच्या प्रकाशकाने लोकांना आवाहन केलं, की युरोपातल्या उपाशी लोकांसाठी तुमचं रेशन थोडं कमी झालेलं चालेल का, चालत असेल तर एक पोस्टकार्ड टाका. हजारो पोस्टकार्डं आली. तो स्वतः ज्यू होता आणि जर्मन मुलांसाठी बोलत होता, हे वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसले होते. आणि तेव्हा ब्रिटनमध्येच काय परिस्थिती होती, युद्धात कधी नव्हतं ते पावावर रेशन जुलै 1946 ला लागलं ते 1948 पर्यंत! सरकार आधी पार्सलं पाठवू देत नव्हतं, लोकांनी लावून धरल्यावर परवानगी मिळाली. त्याच काळात ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडमधल्या बायका ब्रिटनसाठी चरबीचे आणि केकचे डबे कापडात शिवून, वर पत्ता लिहून पाठवत होत्या.

जुनापेटारा:
एक मात्र प्रोजेक्टमध्ये नक्की लिहा. सुरुवातीला नाव-पत्ता माहीत असेल तरच पाठवता यायचं, त्यामुळे बरीच खोकी मामा, मावशी, चुलतभाऊ यांना गेली, आणि ज्यांचं अमेरिकेत कुणीच नव्हतं ते राहिले. हे चुकीचंच होतं असं माझं मत. नंतर नाव न देता पाठवायची सोय झाली तेव्हा कुठे अनोळखी घरांना मिळायला लागली. बर्लिनला ऑगस्ट 1946 पासून जात होती आणि 1948-49 च्या नाकेबंदीत, म्हणजे रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवले तेव्हाही, विमानाने गेली.

निळीशाई:
दोघांचे मनापासून आभार. लेक आता पावतीचंच चित्र काढतेय आणि विचारतेय की सहीशिवाय त्या लोकांना काही लिहिता यायचं का?

साधीसुई:
हो, वेगळी पत्रं लिहायचे की! खूप लोकांनी आभाराची पत्रं पाठवली, मुलांनी चित्रं काढून पाठवली. तिला म्हणावं पावतीशेजारी एक चित्रही काढ.