कर्झनच्या व्यापार खात्यात माणसं आणली कुठून?

संभाजीनगरचा_पोरगा: नमस्कार मंडळी. सेटचा (प्राध्यापक पात्रता परीक्षेचा) अभ्यास करायलो, इतिहास विषय. पुस्तकात एका ओळीत उरकलंय की व्हाइसरॉय कर्झननं १९०५ मध्ये वाणिज्य व उद्योग खातं काढलं, पुढं काहीच नाही. मला प्रश्न पडला की एवढं खातं एकदम उभं कसं केलं, कारकुनापासून साहेबापर्यंत माणसं कुठून आणली, आणि शेतसारा वसूल करणाऱ्या आयसीएसवाल्यांना (इंग्रजांच्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या साहेबांना) कापूस-तागाच्या धंद्यातलं कळत तरी काय होतं? अन् आपल्या मराठवाड्याचा याच्याशी काही संबंध होता का? सरांना विचारलं तर म्हणाले, परीक्षेला येत नाही.

परभणीकर: एकदम उभं नाही केलं रे, दुसऱ्या खात्यांचे तुकडे तोडून जोडलं. आधी व्यापार फायनान्सच्या शेपटीला होता, खात्याचं नावच फायनान्स अँड कॉमर्स, म्हणजे कस्टमची फाईल आली की तिजोरीत किती पडणार एवढंच बघायचे. रेल्वे बांधकाम खात्याकडं होती. कस्टम, पोस्ट, तार, कारखाने हे सगळं नव्या खात्यात आणलं, बांधकाम खात्यातली रेल्वेची शाखा बंद करून तीन जणांचं रेल्वे बोर्ड केलं आणि ते याच्या हाताखाली दिलं. त्यामुळं बरीचशी माणसं जुनीच, नवी भरती म्हणावी तशी नाही.

खरी अडचण होती व्हाइसरॉयच्या कौन्सिलातल्या, म्हणजे कार्यकारी मंडळातल्या, जागेची. तिथली सहावी जागा १८७४ च्या कायद्यानं बांधकामासाठी ठेवलेली, मग १९०४ ला लंडनच्या पार्लमेंटनं कायदा करून ती अट काढली अन् तीच खुर्ची व्यापाराला मिळाली. पहिला मेंबर सर जॉन ह्युएट, आयसीएसच, त्याच्या आधी मध्य प्रांताचा चीफ कमिशनर, म्हणजे नागपूरला बसायचा. १९०७ ला संयुक्त प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर होऊन गेलासुद्धा. खात्याची घडी बसायच्या आत साहेब बदलला. आपल्याकडं कलेक्टरच्या बदल्या बघतो तसंच.

जुना_कागदवाला: परभणीकरांनी बरोबर सांगितलं पण त्यात एक राहिलं. सचिवालयातल्या माणसांना धंद्यातलं फारसं कळत नाही हे सरकारलाही माहीत होतं, म्हणून बाजारातली खबर ठेवायला वेगळा माणूस नेमला, डायरेक्टर जनरल ऑफ कमर्शियल इंटेलिजन्स, आणि त्याचं ऑफिस मुद्दाम कलकत्त्यात ठेवलं. कारण सचिवालय उन्हाळा लागला की फायलींच्या पेट्या घेऊन शिमल्याला जायचं आणि व्यापारी मात्र हुगळीच्या काठीच. त्याच ऑफिसातून १९०६ पासून इंडियन ट्रेड जर्नल निघायला लागलं. ते ऑफिस आजही कोलकात्यात आहे, देशाच्या आयात-निर्यातीचे आकडे तेच काढतं.

आयसीएसबाहेरचा माणूस या खुर्चीवर बसला तो १९१० ला, विल्यम क्लार्क, लंडनच्या बोर्ड ऑफ ट्रेडमधला, म्हणजे तिथल्या सरकारच्या व्यापार खात्यातला. पण माझ्या मते माणसापेक्षा धोरण नडलं. नाव वाणिज्य व उद्योग, पण उद्योग काढायला सरकारनं हात लावायचा नाही हा लंडनचा हट्ट. मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टननं ॲल्युमिनियमची भांडी, क्रोम टॅनिंगचं (क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं) चामडं असे प्रयोग चालवलेले, तिथं प्रांताचं उद्योग खातंही झालेलं, आणि १९१० ला लंडनमधला भारतमंत्री मोर्लेनं खाजगी धंद्यात सरकारची लुडबुड नको म्हणून त्याला खो घातला. पहिलं महायुद्ध लागलं, विलायतेचा माल येईना, तेव्हा डोळे उघडले अन् १९१६ ला हॉलंड साहेबांचं औद्योगिक कमिशन बसवलं. १९२१ ला वाणिज्य आणि उद्योग वेगवेगळी खाती केली.

जालना_जिनिंग: मराठवाड्याचं मी सांगतो. आपण निजामाच्या राज्यात, त्यामुळं कर्झनच्या खात्याचा हुकूम इथं चालायचा नाही. इथं जकात निजामाची, खातं करोडगिरीचं, नाणंसुद्धा वेगळं, हाली शिक्का. इंग्रज-निजाम यांच्यातला १८०२ चा व्यापारी तह, त्यात पाच टक्के जकात ठरलेली, लै वर्षं त्याच्याच आधारानं चाललं. सरकीचा, कापसाचा माल हद्द ओलांडताना नाक्यावर थांबायचाच.

परभणीकर: हुकूम नव्हता हे मान्य, पण संबंध नव्हता असं कसं म्हणता? १९०० च्या सुमारास मनमाड-औरंगाबाद-जालना-परभणी-नांदेड रेल्वे झाली, आणि आपला कापूस सरळ मुंबईला जायला लागला. तिथं जहाजात चढला की मुंबई बंदराच्या आकड्यात मोजला जाणार, जालन्याचं नाव कुठंच नाही. म्हणजे त्या कलकत्त्याच्या ऑफिसात आपला माल होता, फक्त आपण नव्हतो.

जालना_जिनिंग: हे पटलं. आणि तक्रार करायची तरी कुठं, संस्थानाचं काही असलं की आधी हैदराबादच्या रेसिडेंटकडं (निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी), तिथनं संस्थानांचं काम बघणारं फॉरेन डिपार्टमेंट, मग कुठं व्यापार खात्याच्या टेबलावर. तोवर हंगाम संपायचा.

संभाजीनगरचा_पोरगा: लै भारी माहिती मिळाली राव. मग मूळ फाईली बघायच्या तर कुठं? दिल्लीला जाणं सध्या जमणार नाही.

जुना_कागदवाला: दिल्ली कशाला, राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे, त्यात कॉमर्स अँड इंडस्ट्री खातं निवडून वर्ष टाक, बरंच स्कॅन केलेलं सापडतं. त्यातले कारकुनांच्या मंजुरीचे अन् पगाराचे कागद आधी बघ, भाषणं-बिषणं नंतर. करोडगिरीचं मात्र हैदराबादला जाऊन बघावं लागेल, आणि उर्दू वाचणारा कुणीतरी सोबत घेऊन जा.