रॅली कारच्या बंपरवर स्टिकरचे कोपरे उचलतात, काय करू?

सातपूरचा_रेडियमवाला:
मंडळी, आपलं रेडियमचं छोटं दुकान आहे, आता नाशिकच्या रॅलीवाल्या पोरांची कामं यायला लागलीत, दाराचे नंबर, स्पॉन्सरचे लोगो, बॉनेटवर पट्टे. सपाट पत्र्यावर झकास बसतं पण बंपरच्या वळणावर दुसऱ्या दिवशी कोपरे वर. आणि रेट स्क्वेअर फुटावर लावू की गाडीवर?

प्लॉटर_दादा:
कॅलेंडर्ड व्हिनाईल (रोलरमधून दाबून काढलेली स्टिकरची फिल्म) वापरताय का? ते ताणलं की परत आकसतं, वळणावर टिकणारच नाही. तिथे कास्टच (ओतून बनवलेली पातळ फिल्म) घ्या, साधारण ५० मायक्रॉनचं असतं, महाग आहे पण पर्याय नाही. आधी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, चिकटवून झालं की हीट गनने ९० डिग्रीच्या वर शेकून घ्या म्हणजे ताण मोडतो, आणि कोपरे चौकोनी ठेवूच नका, गोल कापा, टोकदार कोपऱ्यात नख शिरतं तशी धूळपण शिरते.

गंगापूर_रोड:
प्रिंट केलेलं असेल तर शाई किमान २४ तास वाळू द्या मगच लॅमिनेशन (वरून पारदर्शक फिल्म), शाईतलं सॉल्व्हंट (उडून जाणारं द्रावण) आत अडकलं की गोंद मऊ पडतो. रॅलीत खडी उडते, लॅमिनेशनशिवाय गाडी देऊच नका.
रेट गाडीवर लावा, डिझाईनचे वेगळे. पोरं रात्री अकराला लोगो बदलून मागतात, त्या मेहनतीचे पैसे मिळायलाच पाहिजेत.

सातपूरचा_रेडियमवाला:
कॅलेंडर्डच होतं दादा! लय आभार, कास्टचा छोटा रोल मागवतो. प्लास्टिक बंपरला प्रायमर (गोंदाची पकड वाढवणारं द्रावण) लागेल का?

प्लॉटर_दादा:
फक्त कडांना, पातळ हात. सगळीकडे मारलात तर काढताना रडाल.