नऊ वर्षांचा गेमिंग पीसी: एकेक पार्ट बदलायचा की नवाच बांधायचा?

सांजवारा
२०१७ मध्ये मी आणि धाकट्या भावाने मिळून हा पीसी जुळवला. एएमडीचा राइझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, ६ जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, ५०० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). मॉनिटर १०८०पी. आता सायबरपंक २०७७ मध्ये गर्दीच्या चौकातून गाडी घातली की चित्र अडखळतं, आणि ज्याला विचारावं तो एकच सांगतो: काढून टाक, नवा बांध.

मला हे पटत नाही. एएम४ सारखं सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) आपल्याला पुन्हा मिळेल की नाही कोण जाणे. माझ्या एका मित्राने त्याच वर्षी इंटेलचा आय५-७५०० घेतला होता. वर्ष संपायच्या आत आठवी पिढी आली, सॉकेट तेच ११५१, पण त्याच्या बोर्डवर ते प्रोसेसर चालायचे नाहीत. माझ्या बोर्डवर मात्र फक्त बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा राइझन ५ ५६०० बसतो. कोअर तेवढेच सहा, पण बूस्ट (कमाल वेग) ३.६ वरून ४.४ गिगाहर्ट्झ आणि एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ वरून ३२ एमबी. शिवाय एएमडीच्याच आकड्यांप्रमाणे दर क्लॉकमागचं काम राइझनच्या झेन २ पिढीत सुमारे १५ टक्के आणि ५६०० च्या झेन ३ पिढीत त्यावर आणखी १९ टक्के वाढलं.

म्हणून माझं म्हणणं: आत्ता प्रोसेसर, जमेल तेव्हा कार्ड. बाकी सगळं ठणठणीत चालू आहे. चालू वस्तू केवळ जुनी झाली म्हणून काढून टाकायला माझा हात धजावत नाही. ज्यांना हे चूक वाटतं त्यांनी का ते नीट सांगावं, मी मनापासून ऐकणार आहे.

पक्काकारागीर
सांजवारा, तुमची भावना समजते, पण हिशोब चुकतोय. आज प्रोसेसर बदलाल. दोन महिन्यांत जाणवेल की आता ग्राफिक्स कार्ड मागे पडतंय. कार्ड आणलंत की नऊ वर्षं तापलेल्या एसएमपीएसवर ते लावायची भीती वाटेल, आणि वाटलीच पाहिजे. मग तोही बदलाल. उरलं काय? पत्र्याचं कॅबिनेट, रॅम आणि एक मदरबोर्ड, ज्याच्यावर यापुढे प्रोसेसरची नवी पिढी येणार नाही. हप्त्याहप्त्याने नव्या पीसीइतकाच खर्च करून हातात जुनाच पीसी.

१०६० चं तर वय झालंच आहे. एनव्हिडियाने पास्कल पिढीसाठी (१०६० त्यातलंच) शेवटचा गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि २०२५ चा डूम: द डार्क एजेस या दोन्ही गेमना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब कार्डातच करायची सोय, जी १०६० मध्ये नाही) लागतंच. तिथे सेटिंग्ज लो करून भागत नाही.

नवं कार्ड घ्याल तेव्हा बोर्डही आड येईल. बी३५० वर कार्ड जोडायची वाट पीसीआयई ३.० ची. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६० ही कार्डं आठच लेनची (लेन म्हणजे त्या वाटेवरच्या मार्गिका), त्यांना हवं ४.०. तुमच्या बोर्डवर त्यांना निम्मी वाट मिळणार. कार्डाची ८ जीबी मेमरी भरेपर्यंत फरक कळत नाही. ती भरून वाहायला लागली, की टेक्श्चर रॅममधून ओढून आणावी लागतात आणि नेमका तिथेच झटका बसतो.

एएमडीचं नवं सॉकेट एएम५ घ्या. २०२२ ला आलंय, आणि २०२७ व त्यापुढेही त्यावर प्रोसेसर येतील असं एएमडीने जाहीर केलंय. तुमचं जे एएम४ वरचं भाग्य आहे, ते नव्याने सुरू करा. शेपटाशी कशाला लटकता?

ओवी
माझा सांजवारांना पूर्ण पाठिंबा. पक्काकारागीर, तुमच्या हिशोबात रॅम कुठे आहे? एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, म्हणजे यांच्या दोन्ही स्टिक निरुपयोगी. आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरी किती महागलीये ते सगळे बघतोच आहोत. कारखान्यांची क्षमता एआयच्या डेटा सेंटरकडे वळली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. अशा वेळी घरात असलेली १६ जीबी डीडीआर४ जपायची, की बाजूला ठेवून बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच नवं आणायचं?

आणि मी हे अनुभवावरून सांगते. माझ्याकडेही १६०० होता, बी३५० होता, कार्डही १०६० च होतं. फक्त ५६०० बसवला. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) फार वाढले नाहीत, कारण कार्ड तेच होतं. पण वळणावर, दार उघडताना, स्फोट झाला की जो आचका बसायचा तो गेला. खेळताना डोळ्यांना सरासरी दिसत नाही, आचके दिसतात. ते मोजायचे तर '१ टक्का लो', म्हणजे सगळ्यांत मंद १ टक्का चित्रांचा वेग, बघा.

एक मात्र जपा. मी कूलर सरळ वर ओढला आणि जुना प्रोसेसर सॉकेटचा लॉक लावलेला असूनही कूलरला चिकटून उपटून आला. एएम४ च्या प्रोसेसरला खाली १,३३१ पिना असतात. माझ्या दोन पिना वाकल्या. मेकॅनिकल पेन्सिलमधलं शिसं काढून तिच्या पोकळ टोकाने एकेक पिन उभी केली, श्वास रोखून. पेस्ट नऊ वर्षांची असेल तर ती सिमेंटसारखी झालेली असते. आधी दहा-पंधरा मिनिटं एखादा जड गेम चालवून प्रोसेसर तापू द्या, मग पीसी बंद करून वायर काढा, आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. सरळ ओढू नका.

मध्यरात्र
दोन्ही बाजू खरेदीवरच बोलतायत. अडतंय कुठे हे मोजलं का कुणी?

त्याच चौकात जा, तोच रस्ता धरा. आधी १०८०पी वर आकडे लिहून घ्या, मग बाकी काही न बदलता रिझोल्यूशन ७२०पी करा. एफपीएस भरपूर वाढले तर कार्ड अडवतंय. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर आहे की ७० च्या आसपास लोंबकळतोय तेही बघा. आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर स्पीड किती लिहिलाय ते सांगा. तिथे २१३३ दिसला तर तुम्ही नऊ वर्षं रॅम बहुतेक कमी दमाने चालवताय. पहिल्या पिढीच्या राइझनमध्ये आतल्या जोडणीचा वेग रॅमच्या वेगाला बांधलेला असतो, म्हणून तिथे याचा फटका जास्त बसतो.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर आत्ता काहीच घेऊ नका. एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारं तंत्र) १०६० वरही चालतं. ज्या गेमना रे ट्रेसिंग लागत नाही असे उत्तम गेम आयुष्यभर पुरतील इतके आहेत.

घारीचेडोळे
अपग्रेड करा किंवा नवा बांधा, पण एसएमपीएसचं एक ऐका. मी तो बदलला तेव्हा जुन्या मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) केबल्स कॅबिनेटच्या मागून छान ओवलेल्या होत्या. पुन्हा कोण ओवणार म्हणून त्याच ठेवल्या आणि नव्या एसएमपीएसला जोडल्या. प्लग तंतोतंत बसला. बटण दाबलं आणि जळका वास आला. एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही गेल्या, त्यात बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्सचीही. ड्राइव्हच्या बाजूला प्लग ठरलेला आहे, या बाजूला कुणाचंच काही ठरलेलं नाही. नवा एसएमपीएस, तर केबल्सही त्याच्याच डब्यातल्या. अपवाद नाही.

आणि पक्काकारागीर म्हणतात तसं जुना एसएमपीएस नव्या कार्डाखाली ठेवू नका. पण वॉटची भीती घालू नका कुणी. १०६० ला १२० वॉट लागतात, आरएक्स ६६०० ला १३२, आरटीएक्स ४०६० ला ११५. प्रश्न आकड्याचा नाही, आतल्या कपॅसिटरच्या वयाचा आहे.

सांजवारा
मध्यरात्र, तुमचं ऐकून काल रात्री बसलो. टास्क मॅनेजर उघडलं तर खरंच २१३३! स्टिकवर ३००० छापलंय. बोर्ड आणल्या दिवसापासून एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंदच होतं आणि आम्हा दोघा भावांना पत्ता नाही. जुन्या बायोसवर ३००० ला पीसी उठेना, २९३३ ला उठला आणि टिकला.

आता आकडे. तोच चौक, तीच गाडी, प्रत्येकी तीन फेऱ्या. आधी १०८०पी वर सरासरी ४७, १ टक्का लो २९. ७२०पी वर सरासरी ५२, लो ३०. म्हणजे पिक्सेल निम्म्याहून कमी केले तरी जेमतेम फरक, आणि कार्डाचा वापर सत्तरीत घुटमळत होता. रॅम २९३३ वर नेल्यावर १०८०पी लाच लो ३४ झाला, तोही एक पैसा न खर्चता. शहराबाहेर मोकळ्या रस्त्यावर मात्र कार्ड ९८ टक्क्यांवर गेलं, तिथे ते थकलंय हे मान्य.

म्हणजे मला जो आचका छळतो तो प्रोसेसरचाच. मी ५६०० घेतोय.

पक्काकारागीर
मोजलंत हे फार चांगलं केलंत, आणि या एका गेमपुरतं तुमचं बरोबर निघालं हे मी मोकळ्या मनाने मानतो. सायबरपंक २.० अपडेटनंतर प्रोसेसरला जास्त झोंबतो हेही खरं. तरी माझं मत बदललेलं नाही. मोकळ्या रस्त्यावर कार्ड ९८ टक्के भरलं हे तुम्हीच लिहिलंय. नवा प्रोसेसर बसला की चौकातही कार्डच अडवायला लागेल. तेव्हा ८ जीबीचं, आठ लेनचं कार्ड घेऊन बसू नका. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं मॉडेल पूर्ण सोळा लेनचं आहे, ते चांगल्या स्थितीत मिळालं तर पीसीआयई ३.० वर जास्त सुखात राहील. त्याला १७० वॉट लागतात, म्हणजे नवा एसएमपीएस आलाच. आणि जो एसएमपीएस घ्याल तो पुढच्या पीसीलाही चालेल असाच घ्या, कारण तो पीसी तुम्ही बांधणार आहात. किती वर्षांत? मी दोन म्हणतो.

ओवी
मी चार म्हणते! १६०० सोडून ५६०० घेण्याचं आणखी एक कारण राहिलंच. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत १६०० नाही, ५६०० आहे. बॅटलफील्ड ६ सारख्या गेमना सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. तुमची डिस्क २०१७ पासून एमबीआर या जुन्या मांडणीची असेल तर आधी बॅकअप घेऊन विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी या टूलने ती जीपीटी या नव्या मांडणीची करा, मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद करा. उलट क्रमाने केलंत तर विंडोज उठणारच नाही.

बायोस मात्र जुना १६०० बोर्डवर असतानाच अपडेट करा. नवा प्रोसेसर आधी बसवलात तर पडद्यावर काहीच येणार नाही. आणि बोर्डाच्या पानावर प्रत्येक आवृत्तीखालची टीप वाचा. काही बोर्डांना मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते. काहींची बायोस चिप १६ एमबीचीच असल्याने नव्या आवृत्तीत जुन्या प्रोसेसरचा पाठिंबा काढून टाकलेला असतो. म्हणजे परतीची वाट बंद.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू आहे का? त्याच्या किल्ल्या जपणारा टीपीएम प्रोसेसरच्या आतच असतो, प्रोसेसर बदलला की तो नवा कोरा. विंडोज रिकव्हरी की मागेल.

सांजवारा
बिटलॉकर चालू होतं, मला माहीतच नव्हतं. ४८ अंकी की वहीत उतरवली, भावाने मोठ्याने वाचून ताळा करून घेतला. बायोस दोन टप्प्यांत अपडेट झाला, १६०० अजून चालतोय. प्रोसेसर शनिवारी बसवू. आधी गेम लावून तापवणार आणि कूलर फिरवतच काढणार, ओवी. एसएमपीएस कार्डाबरोबरच घेईन, केबल्स त्याच्याच डब्यातल्या. पक्काकारागीर, कार्ड घेताना लेन आणि मेमरी दोन्ही बघेन. रविवारी त्याच चौकात त्याच गाडीने तीन फेऱ्या मारून आकडे इथेच लिहितो.