मदत हवी आहे: माणसाला अंगाच्या वासाबद्दल कसं सांगायचं? (उद्या बोलायचंय, अर्जंट)

नवी_एचआर
नमस्कार मंडळी. मी एचआरमध्ये आहे, आमच्याकडे एकांच्या अंगाला वास येतो अशी तक्रार आलीये आणि साहेबांनी ते माझ्या गळ्यात मारलंय, एचआर ना तू, मग तूच बोल म्हणाले. उद्या दुपारी केबिनमध्ये बोलावलंय त्यांना. नेटवर जे मिळतंय ते सगळं ‘आधी कौतुक करा, मग मुद्द्यावर या’ छापाचं, आता वासाच्या आधी कौतुक कशाचं करू? एमबीएला बेल कर्व्हपासून सगळं शिकवलं, हे कुणी शिकवलं नाही. मला फक्त पहिलं वाक्य हवंय. ‘मोकळेपणाने संवाद साधा’ वगैरे प्लीज सांगू नका.

सदाशिवपेठी
बाई की पुरुष? वय? तक्रार लेखी की तोंडी, किती जणांची? काही न सांगता वाक्य मागताय.

बावधनची_बया
अगं सोप्पं आहे, सगळ्यांनाच डिओ दे! कामगार दिन, स्थापना दिवस कायतरी काढ आणि हॅम्पर वाट, साबण, डिओ, टाल्कम. आमच्याकडे केलं होतं, कुणाला वाईट वाटलं नाही.

हिंजवडी_फेज३
आणि त्या माणसाने लावला का तो डिओ?

बावधनची_बया
ते नाही माहीत, मी नंतर सोडली ती कंपनी.

हिंजवडी_फेज३
हेच ते. आमच्याकडे एचआरने अख्ख्या फ्लोअरला मेल टाकला होता, ‘पर्सनल हायजीन मॅटर्स’, खाली दात काढून हसणाऱ्या माणसाचा फोटो. ज्याच्यासाठी होता त्याने बहुतेक उघडलाच नाही आणि बाकीचे आठवडाभर लिफ्टमध्ये दंड अंगाला चिकटवून उभे. एकाशी बोलायची हिंमत नाही म्हणून शंभर जणांना मेल. बोलायचं तर त्यांच्याशीच बोला नाहीतर राहू द्या.

खराडीचा_पाहुणा
एचआरवाले जमलेतच तर विचारून घेतो. मी राजीनामा दिलाय, नोटीस पिरियड ९० दिवस, मला ३० दिवसांत जायचंय, तर रिलीव्हिंग लेटर देणार नाही म्हणतात. काय करता येईल?

सदाशिवपेठी
वेगळा धागा काढा.

नवी_एचआर
पुरुष आहेत, पन्नाशीच्या पुढचे, परमनंट, मी शाळेत होते तेव्हापासून ते या कंपनीत आहेत, म्हणूनच तर प्रॉब्लेम. तक्रार तोंडी आहे, क्वालिटीतल्या दोघी मुलींनी केलीये. झालं? आता सांगा काय बोलू.

कायदेकाका
तोंडी तक्रारीवर एक पाऊल टाकू नका. आधी लेखी घ्या. मग समजपत्र, मग वॉर्निंग, मग चार्जशीट आणि रीतसर डोमेस्टिक एन्क्वायरी, म्हणजे कंपनीतली चौकशी. निलंबित केलंत तर पहिले ९० दिवस ५० टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागेल हे साहेबांना आधीच सांगून ठेवा. उभी हयात लेबर कोर्टात गेलीये माझी, कागद नसेल तर केस नसते.

जुनी_खोड
काका, अंगाला वास येतो म्हणून चार्जशीट? त्यात आरोप काय लिहिणार? स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या आणि शिस्तीच्या नियमांत, चोरी आहे, दारू पिऊन येणं आहे, सारखं न सांगता गैरहजर राहणं आहे. घाम येणं कुठे बसवता ते सांगा.

कायदेकाका
शिस्तीत बसतं.

हिंजवडी_फेज३
आणि काका तुमच्या डोक्यात अजून १९४६ चा स्टँडिंग ऑर्डर्सचा जुना कायदा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड लागू झालाय, स्टँडिंग ऑर्डर्स आता ३०० किंवा जास्त कामगार असतील तिथे. यांची कंपनी केवढी ते तरी विचारा आधी.

कायदेकाका
आयटीवाल्यांनी मला कोड शिकवू नये. छापून आल्या आल्या वाचलाय मी तो.

नवी_एचआर
अहो काका मला त्यांना काढायचं नाहीये!! आंघोळ करून या एवढंच सांगायचंय, नीट शब्दांत.

डॉक्टरीणबाई
आंघोळ करत नाहीत हे कशावरून ठरवलंत? वास पहिल्यापासून आहे की हल्ली सुरू झालाय? या वयात अचानक फरक पडला असेल तर शुगर, किडनी, लिव्हर, चालू असलेली औषधं, हिरड्या, काहीही असू शकतं. शुगर फार वाढली की श्वासाला गोडसर, पिकल्या फळासारखा वास येतो, किडनीच्या आजारात लघवीसारखा. तर वास कसला ते सांगा, आणि उद्याच्या बोलण्यात ‘आंघोळ’ हा शब्दच नको. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्या माणसाला तुम्ही ते ऐकवाल आणि तो जन्मात विसरणार नाही.

नवी_एचआर
कसला म्हणजे, सडलेल्या अंड्यासारखा असं म्हणाल्या त्या. मी स्वतः कधी तेवढी जवळ गेले नाही. आणि रोज सारखा नसतो, शुक्रवारी जास्त. साहेब म्हणतात गुरुवारी सुट्टीची पीत असतील.

स्पिंडल
एक मिनिट. शुक्रवारी? तुमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते का? आणि हे गृहस्थ काम काय करतात, शॉपवर आहेत का ऑफिसात?

नवी_एचआर
हो गुरुवारीच, भोसरी एमआयडीसी. सीएनसी टर्निंगला आहेत, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथ मशीनवर. त्याचा काय संबंध?

मोशी_टोलनाका
भोसरीत नेमकं कुठे? माझा भाऊ पण तिकडेच आहे. नाशिक फाट्याला मेट्रो आली तरी शेअर रिक्षाशिवाय आत जाता येत नाही अजून.

स्पिंडल
संबंध आहे ताई, सगळा संबंध तोच आहे आणि तुम्ही तो एवढ्या उशिरा सांगताय. तो त्यांच्या अंगाचा वास नाही, कूलंटचा आहे, पैज लावतो. टर्निंग करताना टूल आणि जॉबवर, म्हणजे कापल्या जाणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, जे पांढरं दुधासारखं पाणी पडतं ना, ते तेल आणि पाण्याचं मिश्रण असतं आणि मशीनखालच्या टाकीतून, म्हणजे सम्पमधून, तेच तेच फिरत राहतं. त्यात मशीनच्या स्लाइडचं तेल गळतं आणि वर तवंग धरतं. मशीन चालू असेपर्यंत पंप फिरतो, हवा मिळत राहते, काही जाणवत नाही. गुरुवारी मशीन बंद, वर तेलाचं झाकण, खाली हवा नाही, मग हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. म्हणजे डिट्टो सडकं अंडं. बाहेरच्या देशात याला सोमवारचा वास म्हणतात कारण त्यांची सुट्टी रविवारची, आपल्या एमआयडीसीत तो शुक्रवारी येतो. पहिल्या शिफ्टला ज्याने मशीन चालू केलं त्याच्या शर्टावर, पँटीवर, बुटात ते उडणारच. आणि रोज त्यातच उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाला सवय होऊन जाते, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. बाकीच्या ऑपरेटरना नाही येत का वास? आणि क्वालिटीच्या मुलींना हे भेटतात कुठे?

नवी_एचआर
फर्स्ट पीस, म्हणजे पहिला तयार जॉब, तपासायला दाखवायला जातात ते क्वालिटीच्या रूममध्ये. एसी आहे तिथे, दार बंद असतं. बाकीच्या ऑपरेटरचं मी विचारलं नाही.

स्पिंडल
बघा. बंद एसी रूम. अजून काय पाहिजे.

बावधनची_बया
मग डिओ देऊन उपयोग नाही का?

जुनी_खोड
स्पिंडलभाऊंची पैज बरोबर असेल, पण केबिनमध्ये बसून ठरवायची गोष्ट नाही ही. ताई, उद्या बोलायच्या आधी शॉपवर चक्कर मारा, त्या मशीनपाशी पाच मिनिटं उभ्या राहा. तुम्ही तक्रार ऐकलीत, साहेबांचा तर्क ऐकलात, आणि स्वतःचं नाक अजून वापरलं नाहीये. एचआरच्या निम्म्या अवघड बोलण्यांत हेच असतं, दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष तिसऱ्याला पोचवायचा. आणि ते पिण्याबद्दल साहेब जे बोलले ते तुमच्या तोंडून कुठेही, गमतीत सुद्धा, बाहेर पडू देऊ नका.

सदाशिवपेठी
माझं मत, मुलीने बोलूच नये हे. त्यांचा सुपरवायझर पुरुष असेल, त्याने चहाच्या टपरीवर सांगावं. पन्नाशीच्या माणसाला मुलीच्या वयाच्या पोरीने असं सांगणं बरं दिसत नाही.

जुनी_खोड
टपरीवर सांगितलेलं दहा मिनिटांत अख्ख्या शॉपला कळतं. मी केलंय हे काम, वडिलांच्या वयाच्या लोकांशी बोललेय, लोक ऐकून घेतात. त्यांना राग येतो तो आडून बोलण्याचा, हसत बोलण्याचा, आणि ‘सगळे म्हणतात’ असं म्हणण्याचा. सगळे म्हणतात म्हटलं की त्या माणसाला उद्यापासून प्रत्येक चेहऱ्यावर तेच दिसतं.

सदाशिवपेठी
तुमच्या कंपनीत चालत असेल.

खराडीचा_पाहुणा
माझ्या नोटीस पिरियडचं कुणी सांगेल का?

कायदेकाका
नियुक्तिपत्र काढून बघा, नोटीसच्या बदल्यात पगार भरून सुटायची सोय लिहिली आहे का. असेल तर तसं लेखी द्या, मेलवर, तोंडी नाही. नसेल तर त्यांच्याशी गोडीत घ्या.

आणि ताई, कूलंटचं खरं असेल तर साहेबांना सांगा की हे प्रकरण उलटं फिरतंय. कामगारांना हातपाय धुवायची, कपडे ठेवायची आणि ओले कपडे वाळवायची सोय कंपनीने द्यायची असते, नोव्हेंबर २०२५ पर्यंत फॅक्टरीज ॲक्ट १९४८ चं कलम ४२ आणि ४३ होतं. नव्या सेफ्टीच्या कोडमध्येही अंघोळीची जागा आणि लॉकर रूम वेल्फेअरखाली आहे. तुमच्याकडे काय आहे?

नवी_एचआर
युनिफॉर्म वर्षाला दोन मिळतात. धुवायची जागा आहे मागे, पण तिथे मेंटेनन्सने स्क्रॅप ठेवलंय, आतला नळ दिसत पण नाही. मला वाटायचं ती स्टोअरचीच जागा आहे.

हिंजवडी_फेज३
आणि तुम्ही डिओ वाटणार होतात.

नवी_एचआर
मी नाही, त्या बावधनच्या ताई!

डॉक्टरीणबाई
उद्या त्यांचे हात बघा. कूलंटवाल्यांच्या बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर लाल होणं, भेगा, खाज फार असते. असेल तर नुसतं मलम नाही, त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा. आणि शुगर एकदा तपासून घ्यायला हरकत नाही, पण ते वासाशी जोडून सांगू नका.

जुनी_खोड
बरं, पहिलं वाक्य हवं होतं ना. जेवणाच्या सुट्टीआधी बोलावू नका, शिफ्ट सुटायच्या अर्धा तास आधी बोलवा म्हणजे तिथून परत चार लोकांत उभं राहावं लागत नाही. केबिनला काच असेल तर दुसरी खोली घ्या. ते बसले की लगेच बोला, चहा-पाण्यात वेळ घालवला की समोरच्याला वाटतं नोकरी गेली. असं काहीसं म्हणा: ‘काका, विषय जरा अवघड आहे म्हणून सरळच बोलते. तुमच्या कपड्यांना कूलंटचा उग्र वास राहतोय असं माझ्या कानावर आलं, मी सकाळी मशीनपाशी जाऊन आले, मला तो सम्पचा वाटला. तुम्हाला काय वाटतं?’ एवढं बोलून गप्प बसायचं. खरंच गप्प. ते काही बोलेपर्यंत आपण सारवासारव करत बसतो आणि तिथेच घाण होते. अर्थात मशीनपाशी जाऊन आलात तरच हे म्हणायचं, आणि तिथे वास नसेल तर हे वाक्य विसरा आणि इथे परत या. कोणी सांगितलं विचारलं तर नावं द्यायची नाहीत, पण ‘कोणीच नाही’ असंही म्हणायचं नाही.

नवी_एचआर
हे चालेल. सकाळी जाते शॉपवर. थँक्यू.

मोशी_टोलनाका
हेअर नेट आणि सेफ्टी शूज घाला हां शॉपवर जाताना, आमच्या एचआर मॅडम चपला घालून आल्या होत्या, गेटवरच अडवलं.

नवी_एचआर
अपडेट देते, काल गडबडीत राहिलं. सकाळी गेले होते. मशीनपाशी उभं राहवेना, त्यात त्यांच्या बाजूचं मशीन पण तसंच. सम्पवर जाड तपकिरी साय आलीये, मी फोटो काढला. दुपारी बोलले, वाक्य जवळजवळ तेच म्हटलं, आवाज मात्र कापत होता. ते आधी काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, मॅडम हे मी मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये लिहून दिलंय, बघा तुम्ही. मी नंतर बघितलं, खरंच आहे, पावसाळ्याच्या आधीची एंट्री, पुढे ‘नोटेड’ लिहून कुणाची तरी सही. हातांना भेगा आहेत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तशाच. कोणी सांगितलं विचारलंच त्यांनी, मी म्हटलं नाव नाही सांगणार, तर म्हणाले नका सांगू, मला कळतं, मी रूममध्ये गेलो की त्या दोघी दार उघडून ठेवतात. हे ऐकून मला काही सुचेना. रागावले नाहीत, पण चहा नको म्हणाले.

आता खरा घोळ. स्क्रॅप हलवायला मेंटेनन्स तयार झालं, पण सम्प रिकामा करून धुवायचा तर मशीन अख्खी शिफ्ट बंद ठेवावी लागेल आणि प्रॉडक्शनचे साहेब ऐकायला तयार नाहीत. डिस्पॅच आहे म्हणतात, वर ‘वरून पाणी टाका, होतं कमी’ असंही म्हणाले. त्यांना काय सांगू? हे पण वाक्य द्या.

स्पिंडल
नुसतं पाणी टाकलं की मिश्रण पातळ होतं आणि अजून लवकर सडतं, तिथूनच सुरू झालं असणार हे. फिनेल, ब्लीचिंग असलं पण काही ओतू देऊ नका. प्रॉडक्शनवाल्याला वासाचं सांगून उपयोग नाही, त्याला गंज आणि टूल सांगा. सडलेल्या कूलंटने जॉबला गंज धरतो आणि इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी टोकं, लवकर जातात. क्वालिटीतल्या त्याच दोघींकडून गंजाचं रिजेक्शन किती झालंय ते काढून घ्या. रिफ्रॅक्टोमीटर स्टोअरमध्ये पडला असेल, कॉन्सन्ट्रेशन मोजायला लावा आणि सप्लायरच्या शीटशी ताडून बघा. सप्लायरचा माणूस बोलावला तर तो बहुतेक फुकट येऊन तपासून जाईल, त्याला कूलंट विकायचंच असतं. आणि साफसफाई गुरुवारी करा, डिस्पॅचचं कारण उरत नाही. निघालेलं घाण कूलंट मात्र गटारात सोडू देऊ नका, ते घातक कचऱ्यात जातं.

कायदेकाका
गुरुवारी माणसं बोलावलीत तर बदली सुट्टी द्यायची, आणि आठवड्याचे तास ४८ च्या वर गेले तर दुप्पट दराने ओव्हरटाइम. हातांचं पण हलकं घेऊ नका, केमिकलमुळे होणारा त्वचारोग फॅक्टरीज ॲक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात होता, आता नव्या सेफ्टीच्या कोडच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे, कळवावा लागणारा आजार. साहेबांना तेवढं एक वाक्य सांगा, बाकी काही सांगावं लागणार नाही.

नवी_एचआर
हे लेखी देऊ की तोंडी?

कायदेकाका
लेखी. आणि रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो आजच काढून ठेवा.